मुंबईत घडणारे चित्रपट : जुने, नवे, सगळ्या जातकुळीचे

शेवटची रांग

रविवारी दुपारी 'मुंबईचा जावई' पुन्हा पाहिला. राजा ठाकूरांचा, १९७० सालचा. लहानपणी दूरदर्शनवर पाहिला तेव्हा आम्ही परळला दहा बाय बाराच्या खोलीत सात जण राहायचो आणि मला त्यातली गंमत तेवढी कळली होती. नवं लग्न, घर एवढंसं, घरात माणसं भरपूर, आणि नवराबायकोला दोन शब्द बोलायला कोपरा मिळत नाही. आता पन्नाशीत पाहताना हसू येत होतं, पण घशाशी काहीतरी अडकतही होतं.

'का रे दुरावा' मी किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आशाबाईंचा आवाज. रेडिओवर ते रुसव्याचं गाणं वाटतं. त्या घरात, त्या माणसांमध्ये ऐकलं की कळतं, हा दुरावा हातभराचा आहे आणि तेवढा हातभरच ओलांडता येत नाहीये. बासू चटर्जींनी दोन वर्षांनी याच गोष्टीवर 'पिया का घर' केला. तोही गोड आहे, पण मला मराठी जास्त जवळचा वाटतो, कारण त्यातल्या माणसांना आपण अडचण होतोय हे माहीत असतं आणि त्यांचा इलाज नसतो.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते लिहिते. मुंबईवरचा चित्रपट खरा आहे की नुसता मरीन ड्राइव्ह दाखवून मोकळा झालाय, हे मी एकाच गोष्टीवरून ओळखते. त्याला जागेची किंमत कळते का? माणसं झोपतात कुठे, भांडतात कुठे, रडायचं झालं तर कुठे जातात? नायक बेकार आणि घर मात्र समुद्रासमोर, असं दिसलं की माझं मन उडतं.

तर या धाग्यावर मुंबईत घडणाऱ्या चित्रपटांबद्दल लिहू या. विनोदी, गुन्हेगारी, भयपट, राजकीय, माहितीपट, काहीही चालेल. दोनच विनंत्या आहेत. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं हवं. आणि पूर्ण कथा सांगण्याऐवजी एखादा प्रसंग धरून लिहा. न आवडलेलंही लिहा.

आसनगाव लोकल

धागा आवडला, पण मुद्दा पटला नाही. मुंबईचा खरा विषय जागा नाही, वेळ आहे. सकाळी ६.४० ची गाडी धरणाऱ्या माणसाला घर दहा बाय बारा आहे की दहा बाय वीस, यानं फरक पडत नाही. घरी तो झोपायलाच जातो.

माझ्याकडून 'डोंबिवली फास्ट'. निशिकांत कामत, २००५. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. माधव आपटे, बँकेत नोकरी, बायको, दोन मुलं, सरळमार्गी. सुरुवातीला त्याचा दिवस दाखवलाय. गजर, नळ, डबा, जिना, फलाट, डबा, बँक, परत फलाट. तेच तुकडे पुन्हा, मग आणखी वेगात, मग आणखी. संवाद जवळजवळ नाहीत. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेजारी बसलेला मित्र, जो रोज बदलापूरहून यायचा, तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता. स्वतःचं आयुष्य कुणीतरी मोजून समोर ठेवल्यासारखं झालं त्याला.

संदीप कुलकर्णींचा चेहरा या चित्रपटाचा कणा आहे. रागानं फुटणारा माणूस करताना नट आरडाओरडा करतात. इथे आपटे फुटतो तेव्हा तो थकलेलाच दिसतो. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितल्यावर तो जे करतो, त्याला त्या एका दिवसाचं नाही, सगळ्या वर्षांचं वजन आहे.

न आवडलेलं सांगायचं तर, बॅट हातात आल्यानंतर त्याला भेटणारा प्रत्येक जण नेमका तेवढाच वाईट निघतो जेवढा चित्रपटाला हवा आहे. डॉक्टर, पोलीस, नगरसेवक. मग आपल्याला विचार करावा लागत नाही, नुसता हिशेब चुकता होताना पाहायचं. १९९३ च्या 'फॉलिंग डाउन'शी तुलना नेहमी होते आणि साम्य आहेच. तिथे मायकल डग्लस ट्रॅफिकमध्ये अडकलेली गाडी सोडून चालू लागतो. आपट्याला तेही करता येत नाही. दोन स्टेशनांच्या मध्ये भरलेल्या डब्यातून कुणी उतरू शकत नाही. एवढ्या एका फरकामुळे मला हा चित्रपट इथला वाटतो.

शेवटची रांग

आसनगाव लोकल, छान लिहिलंत. पण आपटे डोंबिवलीला का राहतो? बँक जिथे आहे तिथे जागा परवडत नाही म्हणूनच ना? तुमचा वेळ माझ्या जागेतूनच निघतो.

आसनगाव लोकल

हे घराबद्दल खरं आहे. गाडीबद्दल नाही. गाडीत माणूस जे होतो ते घरी किंवा ऑफिसात होत नाही. अवतार कृष्ण कौल यांचा '२७ डाउन' पाहिलाय का? १९७४, कृष्णधवल, रमेश बक्षींच्या हिंदी कादंबरीवर. एम. के. रैना तिकीट तपासनीस, राखी नोकरी करणारी मुलगी, आणि दोघांची ओळख गाडीत होते. कॅमेरा अपूर्व किशोर बीर यांचा, तेव्हा ते विशीत होते, आणि त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. व्हीटीला गाडी लागते, आधी फलाट मोकळा असतो आणि पाहता पाहता माणसांनी भरून जातो, तो वरून घेतलेला शॉट मी थांबवून थांबवून पाहिलाय. सेट नाही, जमवलेली गर्दी नाही. ती आपलीच माणसं आहेत, फक्त पन्नास वर्षांपूर्वीची. शर्ट बदलले, चाल तीच.

कथा मध्येच रेंगाळते हे मान्य. नायक फार स्वतःत बुडालेला आहे, आणि राखीच्या पात्राला तिचं असं आणखी काही हवं होतं. पण गाडीच्या आवाजावर चाललेला दुसरा चित्रपट मला माहीत नाही. कौल यांचा हा एकच पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याच वर्षी मुंबईत बुडून त्यांचा मृत्यू झाला. पुढे त्यांनी काय केलं असतं हा विचार दर वेळी येतो.

पांढरा पडदा

नमस्कार. मी वयानं तुम्हा सर्वांत थोरला असेन. प्रभात चित्र मंडळाच्या खेळांना वर्षानुवर्षं जात आलो आहे, त्यामुळे लिहिताना थोडं लांबेल.

'सिंहासन' नव्यानं पाहिला. डॉ. जब्बार पटेल, १९७९. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. आजच्या मुलांनी हा पाहावा म्हणून मी नेहमी एक गोष्ट सांगतो : फोनकडे लक्ष ठेवा. या चित्रपटात कुणी कुणावर क्वचितच हात उगारतो. सरकार फोनवर डळमळतं आणि फोनवर सावरतं. काळा जड रिसीव्हर उचलायचा, आवाज खाली आणायचा, दोन वाक्यं बोलायची. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री जिवाला घोर लागला असताना फोनवर जसे शांत होतात, तो अभिनय अभ्यासावा असा आहे. आणि बाई, तुमच्या 'मुंबईचा जावई'तले अरुण सरनाईकच हे! नऊ वर्षांत तोच चेहरा कुठून कुठे आला पाहा.

डॉ. लागूंचे विश्वासराव दाभाडे आणि निळूभाऊंचा पत्रकार दिगू टिपणीस यांच्यावर खूप लिहिलं गेलं आहे. मी एवढंच म्हणेन की निळूभाऊंना आपण पाटील आणि सरपंच म्हणून ओळखत होतो. इथे ते नुसते पाहतात. दिगूला सगळं ठाऊक आहे, छापता येतं त्यातलं थोडं. शेवटी तो जसा हसतो, ते हसू पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मी दादरहून घरी चालत आलो होतो. त्याआधी आशाबाईंचं 'उषःकाल होता होता' कानात बसलेलं असतं. सुरेश भट, हृदयनाथ. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती, त्या शब्दांचा अर्थ थिएटरात कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

दोष? बायका कडेला राहतात. मंत्रालय, युनियन, तस्करी सगळं सविस्तर, पण घरातल्या स्त्रिया पुरुषांची कमजोरी दाखवण्यापुरत्या येतात. तीन वर्षांनी जब्बारांनीच स्मिता पाटीलला घेऊन 'उंबरठा' केला, हे मात्र त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं.

खिडकीची जागा

मी फक्त वाचायला येते, पण आज लिहावंसं वाटतंय. मी स्टाफ नर्स आहे. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मी नाइट ड्यूटी संपवून सकाळच्या खेळाला पाहिला, नोव्हेंबर २०२४ मध्ये. पायल कपाडियांच्या या चित्रपटाला कानला ग्रां प्री मिळालं म्हणून गेले नव्हते. नर्सवर चित्रपट आहे एवढंच कळलं होतं.

सुरुवातीला रात्रीचा दादरचा बाजार आहे. पाट्या, टेम्पो, भाजीचे ढीग, आणि त्यावर वेगवेगळ्या भाषांतले आवाज, शहरात कसे आलो ते सांगणारे. त्यांचे चेहरे दिसत नाहीत. मला वाटलं, आता इथून उठू नये.

प्रभा आणि अनू केरळच्या, एका खोलीत राहणाऱ्या. अनू प्रभाला म्हणते, या महिन्याचं माझं भाडं तू भर. मी हे वाक्य बोललेय आणि ऐकलेयसुद्धा. प्रभाचा नवरा जर्मनीत, फोन नाही, पत्र नाही, आणि एक दिवस घरी लाल रंगाचा राइस कुकर येतो. पाठवणाऱ्याचं नाव नाही. रात्री एकटीच असताना ती तो कुकर जवळ ओढून मिठीत घेते. कनी कुसृतीनं तिथे काही 'केलेलं' नाही. शिफ्टनंतर शरीर जसं जड होतं तसं तिचं शरीर आहे, एवढंच. आमच्या कामातला थकवा चित्रपटांत कधी नीट दिसत नाही. नर्स म्हणजे ट्रे घेऊन दारातून येणारी. इथे ती पाय चोळते, मोबाइल चार्जिंगला लावते, दुसऱ्याच्या प्रेमावर चिडते.

अनू आणि शियाज यांना भेटायला जागा नाही. शेवटची रांग, तुम्ही लिहिलंत ना 'मुंबईचा जावई'बद्दल? मधे चोपन्न वर्षं गेली. त्या जोडप्याचं निदान लग्न तरी झालेलं होतं. हे दोघं वेगळ्या धर्मांचे, पावसात, गर्दीत, कुठेतरी कडेला उभे.

आणि छाया कदम. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती, कोकणातली. तिचं घर बिल्डरला हवंय आणि तिच्याकडे कागद नाहीत. इतकी वर्षं राहिली, पण राहिल्याचा पुरावा नाही. ती आणि प्रभा रात्री बिल्डरच्या जाहिरातीवर दगड मारतात तेव्हा आमच्या थिएटरात पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या.

कोकणात गेल्यावर चित्रपट थोडा स्वप्नासारखा होतो. माझ्या मैत्रिणीला ते आवडलं नाही, ती म्हणाली शहरातलं खरं होतं, तिथलं नाटकी. मला आवडलं. जिला शहरात श्वास घ्यायला वेळ नाही तिला स्वप्न पडायला गाव लागणारच.

शेवटची रांग

खिडकीची जागा, तुम्ही लिहीत राहा.

पार्वतीच्या कागदांबद्दल मला लिहायचंच आहे. आमची परळची चाळ पाडली तेव्हा माझ्या आईकडे १९६१ सालच्या भाडेपावत्या होत्या, पत्र्याच्या डब्यात, वडिलांच्या नावाच्या. वडील गेलेले. बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसानं त्या बोटानं मागेपुढे केल्या आणि वारसाचा दाखला मागितला. तो मिळवायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत आई रोज डबा उघडून पावत्या मोजायची. चित्रपटात पार्वती जेव्हा सांगते की माझ्याकडे काही कागद नाही, तेव्हा मला तो डबा उघडल्याचा आवाज आला.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी 'लालबाग परळ' काढून पाहिला. महेश मांजरेकर, २०१०, हिंदीत 'सिटी ऑफ गोल्ड'. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. आमच्या मजल्यावर चार घरांत गिरणीचं उत्पन्न होतं. भोंगा बंद झाला की वेळ कळेनाशी होते, हे मी लहानपणी अनुभवलंय. (आसनगाव लोकल, इथे तुमचा मुद्दा मला मान्य करावा लागतो.)

चित्रपट मला अर्धाच पटला. आई, पोरं, घरातली चिडचिड, जेवताना कुणी आणलं आणि कुणी खाल्लं यावरून होणारी टोचणी, हे थेट आमच्या घरातलं आहे. पण नाटकात सगळं एका खोलीत कोंडलेलं होतं आणि त्या कोंडण्यातच ताकद होती. संप बाहेर होता, दिसत नव्हता, आणि खोलीतल्या प्रत्येकाला आतून खात होता. चित्रपट बाहेर पडतो, गल्लीत जातो, गोळ्या झाडतो, रक्त दाखवतो. जितकं जास्त दाखवलं तितकं कमी लागलं मला. चित्रपटात गुंड होणाऱ्या नरूसारखी मुलं आमच्या चाळीत होती. ती गुंड झाली त्यापेक्षा ती त्याआधी वर्षभर गॅलरीत नुसती उभी असायची, ते जास्त भयंकर होतं.

तिसरा मजला

गुन्हेगारीपटांकडे कुणी वळत नाहीये म्हणून मी.

'सत्या' जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा मुलाला घेऊन गेलो. १९९८ साली मी त्याच्या वयाचा होतो. भिकू म्हात्रेचा समुद्रासमोरचा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे, त्याबद्दल लिहीत नाही. मला या वेळी दिसलं ते त्याचं घर. मनोज बाजपेयी आणि शेफाली शहा यांचं भांडण. गुंड बाहेर माणूस मारून येतो आणि घरी बायकोच्या तोंडाला तोंड देतो, मुलं तिथेच, दोघं भांडतात आणि त्यातच हसतात. त्याआधीच्या हिंदी चित्रपटांतल्या डॉनला घर नव्हतं, अड्डा होता. पिवळे दिवे, जिना, फिशटँक. राम गोपाल वर्मांनी आणि लेखकांनी, म्हणजे अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांनी, त्याला स्वयंपाकघर दिलं आणि तिथून सगळं बदललं.

विसर्जनाचा शेवटही पुन्हा पाहण्यासारखा. गर्दीत चाकू चालतो आणि ढोल थांबत नाहीत.

त्याच आठवड्यात 'परिंदा' पाहिला, १९८९ चा. विधू विनोद चोप्रा. तो जास्त देखणा आहे, बिनोद प्रधान यांचा कॅमेरा, रेणू सलुजांचं संकलन, पण माणसं ऑपेरातली वाटतात. नाना पाटेकरांचा अण्णा सोडून. तो आगीला घाबरतो आणि ते घाबरणं त्यानं खांद्यांत ठेवलंय. दादरच्या कबुतरखान्यावर गोळी सुटते आणि कबुतरं उडतात, तो प्रसंग आता पाहताना वेगळाच वाटला, कारण २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच कबुतरखान्यावर, कबुतरांना दाणे घालणं बंद करण्यासाठी, ताडपत्री घातलेली मी रोज येताजाता पाहत होतो. ताडपत्री बरोबर की चूक हा वाद इथे नको. पण शहरातली जागा झाकली गेली आणि चित्रपटात ती उघडी राहिली.

खिडकीची जागा

तिसरा मजला, रेणू सलुजांचं नाव घेतलंत म्हणून. सतीश शहा गेले तेव्हा आम्ही मैत्रिणींनी 'जाने भी दो यारों' पाहिला. 'अर्धसत्य'सुद्धा त्याच वर्षीचा, १९८३, आणि दोन्हींचं संकलन रेणू सलुजांचंच! एकात पडलेल्या पुलावर आणि शवपेटीतल्या कमिशनरवर (तेच सतीश शहा) आपण हसतो, दुसऱ्यात ओम पुरींचा वेलणकर आतून तुटत जातो. एकाच टेबलावर दोन्ही. मला हे कळल्यापासून दोन्ही चित्रपट एकाच शहराच्या दोन पाळ्या वाटतात.

चेंबूर नाका

माहितीपट चालतील लिहिलंत म्हणून. आनंद पटवर्धन, 'जय भीम कॉम्रेड', २०११. तीन तासांहून मोठा. चौदा वर्षांचं चित्रीकरण.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या मुलुंडच्या घरी जीव दिला. पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये घोगरे गाताना दिसतात. आधी ते पाहा, मग हा. एकाच माणसाचा आवाज दोन चित्रपटांत ऐकताना जे होतं ते मला लिहिता येत नाही.

लोक म्हणतात लांब आहे. लांब असायलाच हवा. वस्तीत न्यायाची वाट पाहणाऱ्यांना वर्षानुवर्षं काढावी लागली, आपण खुर्चीत तीन तास काढू शकतो. आणि तो नुसता दुःखाचा नाही. गाणी आहेत, भरपूर. घराघरांत गाणी. बायका हातावर ठेका धरून गातात आणि मध्येच थांबून राजकारण सांगतात.

यानंतर लगेच 'कोर्ट' पाहा, चैतन्य ताम्हाणे, २०१४. व्हेनिसला दोन पुरस्कार आणि मग सुवर्णकमळ. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली. कांबळे झालेले वीरा साथीदार स्वतः चळवळीतले होते, गाणी संभाजी भगतांची. कॅमेरा हलत नाही. कोर्टात आपण मागच्या बाकावर बसलोय आणि आपला नंबर अजून यायचाय, असं वाटत राहतं.

त्यात सरकारी वकीलबाई लोकलनं घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाक करतात, आणि रविवारी सगळं कुटुंब नाटकाला जातं. गीतांजली कुलकर्णींनी ती बाई इतकी ओळखीची केलीय की तिचा राग करता येत नाही. बचावाचा वकील गाडीत जॅझ ऐकतो, सुपरमार्केटमध्ये वाइन घेतो. दोघं एकाच खोलीत दिवसभर उभे असतात, पण संध्याकाळी दोन वेगळ्या शहरांत जातात. कांबळे कुठे जातो हे चित्रपट सगळ्यात कमी दाखवतो. आधी मला तो दोष वाटला होता. आता वाटतं, कोर्टालाही ते माहीत करून घ्यायचं नसतं.

पांढरा पडदा

चेंबूर नाका, फार मोलाचं लिहिलंत.

एका खोलीचा विषय निघाला म्हणून थोडं बाहेर जातो, धागाकर्त्यांची परवानगी गृहीत धरून. सिडनी लुमेट यांच्या १९५७ च्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मध्ये बारा ज्यूरर एका खोलीत बसलेले असतात, बाहेर उकाडा. चित्रपट पुढे सरकतो तशा लुमेटनी लेन्स बदलत नेल्या. आधी कॅमेरा डोळ्यांच्या वर आणि लेन्स रुंद, मग हळूहळू खाली आणि लांब पल्ल्याच्या लेन्स. त्यामुळे भिंती जवळ येतात, छत दिसू लागतं, माणसं एकमेकांवर आदळतील असं वाटतं. खोली तेवढीच आहे, आपला श्वास कमी होतो. बासूदांनी १९८६ मध्ये यावरून 'एक रुका हुआ फैसला' केला. नटसंच उत्तम, पण खोली शेवटपर्यंत खोलीच राहते, ती आवळत नाही.

मुंबईशी आणखी एक धागा. १९५२ च्या जानेवारीत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत झाला. तिथे दे सिकांचा 'बायसिकल थीव्ज' दाखवला. बिमल रॉय यांनी तो पाहिला आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. त्यातला शंभू जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्याला जातो, म्हणजे शहर दुसरं. पण ती ठिणगी इथल्या पडद्यावर पडली.

शेवटची रांग

परवानगी कसली, लिहाच. भिंती जवळ आणण्याचं ते तंत्र मला ठाऊक नव्हतं. आता तेवढ्यासाठी पुन्हा पाहीन.

तिसरा मजला

भयपट राहिला. राम गोपाल वर्मांचाच 'भूत', २००३. गाणी नाहीत. उंच इमारतीतला फ्लॅट, आधी तिथे राहणारी बाई खाली पडून गेलेली, आणि नवऱ्याला हे घर घेताना माहीत असतं, तो बायकोला सांगत नाही. मला भुतापेक्षा त्या न सांगण्याची भीती वाटली. ऊर्मिला मातोंडकरनं शरीरानं जे काम केलंय ते आजही अंगावर येतं. मांत्रिक वगैरे आल्यावर मात्र मजा गेली. लिफ्ट आणि मोकळा जिना पुरेसा होता.

शेवटची रांग

तोही जागेचाच चित्रपट निघाला! मग 'घरौंदा' पाहाच, १९७७, भीमसेन. टायपिस्ट मुलगी आणि तिचा मित्र फ्लॅटसाठी पैसे साठवतात, बिल्डर पळून जातो, आणि तो तिला सुचवतो की आजारी मालकाशी लग्न कर, तो फार जगायचा नाही. प्रेमानं घर मागितलं आणि घरानं प्रेम खाल्लं. अमोल पालेकरांनी आपली सगळी गोड प्रतिमा इथे पणाला लावली. आणि डॉ. लागूंचा मालक खलनायक नाही, तो चांगला माणूस आहे, तिथे गोष्ट खरी कठीण होते.

खिडकीची जागा

नव्यातला एक. 'साबर बोंडं', रोहन कानवडे, सप्टेंबर २०२५ मध्ये लागला. सनडान्सला जागतिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालेला. आमच्या भागात एकच खेळ होता, तोही दुपारी पावणेबाराचा, नोकरी करणाऱ्यानं जायचं कसं? सुट्टी टाकून गेले.

वडील गेल्यावर मुंबईत राहणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. चप्पल घालायची नाही, काय खायचं काय नाही, आणि नातेवाइकांचा एकच प्रश्न, लग्न कधी. तिथे बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. दोघांमधली जवळीक इतक्या हळू येते की ती कधी आली ते कळत नाही. पार्श्वसंगीत नाही. पानांचा, शेळ्यांचा आवाज. आईला मुलाबद्दल माहीत आहे आणि ती त्याला गावाच्या प्रश्नांपासून आडोसा देते, जयश्री जगताप यांनी ती आई फार थोड्या शब्दांत उभी केलीय. इथे उलटं झालंय बघा. शहरातल्या माणसाला एकांत गावच्या माळावर मिळतो, पण सुतकातले दहा दिवसच.

काही प्रसंगांत फ्रेम इतकी वेळ स्थिर राहते की माझं लक्ष उडालं. तरी पाहा, मोठ्या पडद्यावर मिळाला तर सोडू नका.

आसनगाव लोकल

बरेच दिवस आलो नाही, धागा कुठच्या कुठे गेलाय. काल रात्री आईबरोबर 'मुंबईचा जावई' पाहिला. आई सत्त्याहत्तरची, लग्न होऊन नायगावला आली होती, एक खोली, सासूसासरे, दोन दीर. चित्रपटभर गप्प होती. 'का रे दुरावा' लागलं तेव्हा म्हणाली, आवाज वाढव.

संपल्यावर सांगायला लागली. त्यांच्या मजल्यावर शेजारी एक काकू होत्या. नवं लग्न झालेल्या घरी त्या रात्री साडेनऊला येऊन दार वाजवायच्या आणि सासूला म्हणायच्या, आज माझ्याकडे या हो झोपायला, मला एकटीला भीती वाटते. दीर गच्चीवर जायचे, सासरे गॅलरीत. काकूंच्या घरी तेव्हा पाच माणसं होती.

हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. आईनं काकूंचं नाव घेतलं, मग दोनदा घेतलं, आणि म्हणाली ते गाणं परत लाव.